सुरतेच्या वखारीतील उच्चनीचभाव

सुरतेस कतारगाम दरवाजाच्या बाहेर इंग्रजांचे जुने कब्रस्तान आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेल्या या आवारात सर्वांत आधी नजरेत भरते ती ऑक्झेंडन बंधूंची कबर. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, थोरला जॉर्ज १६६९ मध्ये. दोघांवर मिळून उभारलेली ही दुमजली घुमटाकार वास्तू सुमारे ४० फूट उंच आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस घेऊन तेथे गेलो असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, हा कोण राजा होता?" आम्ही सांगितले, "राजा नव्हे. लंडनच्या एका व्यापारी कंपनीचा पगारी नोकर." मुलगा क्षणभर घोटाळला आणि म्हणाला, "नोकराची एवढी कबर? मग त्याच्या हाताखालच्या नोकरांच्या कबरी कोठे आहेत?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडेल. दुसऱ्याचे सापडत नाही. मराठी वाचकाच्या मनात सुरत हे नाव १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर या दोन महिन्यांशी बांधले गेले आहे. शिवाजी महाराजांच्या त्या दोन स्वाऱ्यांच्या वर्णनात इंग्रजांची वखार येते ती दारे लावून बसलेले एक बंदिस्त घर म्हणून. त्या घरात कोणकोणत्या पायरीची माणसे राहत होती, कोणाच्या जिवावर राहत होती, हे आपण फारसे विचारीत नाही. 'इंग्रज व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते झाले' हे वाक्य आम्ही स्वतः कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या वाक्यातील 'इंग्रज' हा शब्द मात्र फार ढोबळ आहे. वखारीतील समाजाची रचना पाहिल्यावाचून त्या वाक्याचा अर्थ उलगडत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे घर ज्या शहरात उभे होते त्या शहराकडे पाहू. सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. मक्केच्या यात्रेकरूंची गलबते येथूनच निघत. तापीचे पात्र उथळ असल्यामुळे मोठी जहाजे सुवाळीच्या खाडीत नांगर टाकीत व तेथून माल शहरात येई. बंदराचा व शहराचा कारभार मुतसद्दीच्या हाती असे. आपण मराठीत मुतसद्दी म्हणतो तो राजकारणी पुरुष, सुरतेचा मुतसद्दी हा बादशहाने नेमलेला बंदराचा मुख्य अंमलदार. किल्ल्याचा किल्लेदार निराळा, न्यायाचा काजी निराळा. या अंमलदारांच्या बरोबरीने, आणि प्रसंगी त्यांच्यावरही, वजन होते ते धनिकांचे. विरजी व्होरा हा जैन सावकार ऐंशी लाख रुपयांचा धनी असल्याची त्या काळी बोलवा होती. शतकाच्या अखेरीस मुल्ला अब्दुल गफूर या जहाजमालकाचा व्यापार एकट्याचा असूनही सगळ्या इंग्रज कंपनीच्या व्यापाराच्या तोडीचा होता, असे अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश नाखव्याने लिहून ठेवले आहे. त्यांच्याखाली आर्मेनियन व पारशी व्यापारी, सराफ, दलाल, विणकर, खलाशी, हमाल अशी उतरंड होती. तिच्यात प्रत्येकाची जागा जात, धर्म, धंदा आणि पत यांनी ठरलेली होती.

या उतरंडीत इंग्रज आले ते नवखे भाडेकरू म्हणून. विल्यम हॉकिन्स १६०८ साली सुरतेस उतरला. १६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात टॉमस बेस्टने पोर्तुगीजांस हटविले आणि त्यानंतर १६१३ मध्ये वखारीस परवानगी मिळाली. १६१५ मध्ये आलेला टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगिराच्या दरबारी तीन वर्षे खेटे घालीत होता, ते व्यापाराच्या सवलतींसाठी. वखार म्हणजे भाड्याचे घर. खाली कोठारे, वर राहण्याच्या खोल्या, आणि रात्री बंद होणारा एक मोठा दरवाजा. त्या दरवाजाच्या आत इंग्रजांचा कायदा, बाहेर बादशहाचा. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा अर्थ लागतो.

दरवाजाच्या आत ही मंडळी थोडी होती, पण त्यांच्यातील पायऱ्या थोड्या नव्हत्या. सर्वांच्या वर प्रेसिडेंट. त्याच्याखाली त्याचे मंडळ. त्यात हिशेबनीस, कोठारांवरचा अधिकारी आणि जहाजांच्या मालाचा अधिकारी असे. धर्मोपदेशक व वैद्य यांचा मान निराळा. मग वरिष्ठ व कनिष्ठ फॅक्टर, त्यांच्याखाली 'रायटर' म्हणजे कारकून, आणि सर्वांच्या तळाशी उमेदवार. इ. स. १६७५ च्या सुमारास कंपनीच्या संचालकांनी या पायऱ्या नियमाने बांधून टाकल्या. सात वर्षे उमेदवारी करावयाची, त्यांपैकी शेवटची दोन वर्षे सालीना दहा पौंड मिळावयाचे. मग कारकून, त्यानंतर फॅक्टर, पुढे मर्चंट व शेवटी सीनियर मर्चंट. पदव्यांचा हा भेद अनेक दृष्टींनी आवश्यक आहे, असे संचालकांनी त्या आज्ञेत मुद्दाम म्हटले होते. लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या गरीब मुलांच्या शाळेतील निळ्या डगल्याची पोरेही या उमेदवारीवर पाठविली जात. सेवाज्येष्ठता हा शब्द शिक्षकमंडळींस समजावून सांगावयास नको. या पायरीवरून त्या पायरीवर जाण्यास मुख्यतः एकच गोष्ट लागे, ती म्हणजे वर्षे. आणि वर्षे भरण्यासाठी जिवंत राहावे लागे. पुष्कळांस तेवढे साधले नाही.

पायऱ्यांचे दर्शन सर्वांत चांगले होई ते जेवणाच्या मेजावर. सर्वांनी एकत्र जेवावयाचे व दर्जाच्या क्रमाने बसावयाचे, अशी रीत होती. १६८९ मध्ये येथे आलेला धर्मोपदेशक ऑव्हिंग्टन सांगतो की, त्या मेजासाठी इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन प्रकारचे आचारी ठेवलेले होते व ताटवाट्या चांदीच्या होत्या. त्याच्या आधी पन्नास वर्षे, १६३८ मध्ये, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी वखारीत उतरला होता. दिवसातून दोनदा, सकाळी सहाला व रात्री आठला, आणि रविवारी तीनदा प्रार्थना होई; शुक्रवारी विवाहित मंडळी जमून इंग्लंडात राहिलेल्या आपल्या बायकांच्या नावाने पेला उचलीत, असे तो लिहितो. प्रेसिडेंट बाहेर निघाला की पालखी, निशाण, कोतवाल घोडे आणि चाळीस-पन्नास प्यादे. मंडळाचे सभासद मागून बैलांच्या गाडीत. मच्छलीपट्टणच्या इंग्रजांत तर डोक्यावर छत्री धरवून घेण्याचा मान वरिष्ठांपुरताच राखून ठेवावा, अशी सूचना पुढे आली होती. उन्हासारख्या सर्वांस सारख्याच लागणाऱ्या गोष्टीतही हा भेद शिरला होता. पालखी, छत्री, निशाण ही या देशातील सरदारांची मानचिन्हे. ज्या समाजात वावरावयाचे त्या समाजास कळेल अशाच भाषेत आपला दर्जा सांगितला पाहिजे, हे या व्यापाऱ्यांनी चटकन ओळखले होते. कतारगामचा घुमट हे त्याच भाषेतील शेवटचे वाक्य होय.

आता हा थाट कोणत्या पैशावर चाले? १६७३ मध्ये हिंदुस्थानात आलेला डॉक्टर जॉन फ्रायर प्रेसिडेंटचा पगार सालीना पाचशे पौंड सांगतो. त्यांतील निम्मा येथे मिळे, निम्मा गैरवर्तनाची हमी म्हणून विलायतेत राखून ठेवीत. त्या काळी रुपया सुमारे सव्वादोन ते अडीच शिलिंगांचा धरीत. म्हणजे उमेदवाराचे दहा पौंड हे वर्षाकाठी ऐंशी ते नव्वद रुपये झाले, महिन्यास सात रुपयांच्या आसपास. जेवण व राहणे कंपनीचे, हे खरे. तरी सात समुद्र ओलांडून जीव धोक्यात घालणाऱ्यास ही कमाई फारशी नव्हे. उलट १६२३ मध्ये सुरत पाहून गेलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले म्हणतो की, येथे नोकरास महिन्याला तीन रुपयांहून अधिक क्वचितच द्यावे लागतात, म्हणून बेताच्या ऐपतीचा माणूसही भोवती बरीच माणसे बाळगतो. या दोन आकड्यांत वखारीच्या थाटाचे अर्धे रहस्य आहे. लंडनच्या हिशेबाने जो कारकून तो येथील मजुरीच्या हिशेबाने धनी ठरत होता.

उरलेले अर्धे रहस्य खासगी व्यापारात होते. विलायतेशी होणारा व्यापार कंपनीचा. पण सुरतेहून मोखा, इराणची बंदरे, मलबार असा जो आशियातल्या आशियात व्यापार चाले त्यात नोकरांनी स्वतःच्या नावे पैसा गुंतवावा, यास कंपनीने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोकळीक दिली. गुंतवावयास भांडवल कोठून आणावयाचे? ते सुरतेच्या सावकारांकडून. खुद्द कंपनीनेच विरजी व्होराकडून वेळोवेळी मोठमोठ्या रकमा कर्जाऊ घेतल्या होत्या; नोकरांचे तर बोलणेच नको. माल निवडणे, भाव ठरविणे, विणकरांस आगाऊ रक्कम पोहोचविणे हे सर्व दलालाच्या हाती. भीमजी पारेख हा कंपनीचा दलाल इतका वजनदार होता की, त्याच्या विनंतीवरून कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा छापणारा विलायतेहून मुंबईस पाठविला. तात्पर्य, वखारीतील माणसाचा हुद्दा कंपनीच्या वहीत लिहिलेला असे, पण त्याची पत शहराच्या वहीत. पहिली पुसली तर तो नोकरीस मुके, दुसरी पुसली तर नोकरी असूनही त्याच्या हाती काही राहत नसे.

वखारीच्या वहीत ज्यांची पायरीच नव्हती अशीही माणसे होती. प्यादे, भोई, मशालजी, आचारी, हमाल यांचा उल्लेख येतो तो बहुधा आकड्याने, नावाने क्वचितच. जहाजांवरील इंग्रज खलाशीही या उतरंडीच्या बाहेरच. एरवी त्यांस सुवाळीपलीकडे फारसे येऊ देत नसत, कारण दारू पिऊन त्यांनी शहरात केलेल्या दंग्याचा जाब वखारीस द्यावा लागे. परंतु १६६४ च्या जानेवारीत मुतसद्दी इनायतखान किल्ल्यात जाऊन लपला, त्या वेळी जॉर्ज ऑक्झेंडनने हेच खलाशी सुवाळीहून आणविले. सुमारे दोनशे माणसांनिशी, ढोल व कर्णे वाजवीत, तो शहरातून फिरला. त्यांत दीडशेच्या आसपास इंग्रज आणि साठ हिंदी प्यादे होते. वखार वाचली; शेजारचे हाजी सैद बेगचे घरही बरेचसे वाचले. पुढे बादशहाने व्यापाऱ्यांस वर्षभराची जकात माफ केली व कंपनीने ऑक्झेंडनला सुवर्णपदक दिले. त्या साठ प्याद्यांपैकी एकाचेही नाव आज कोणी सांगत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

या घरात आणखी एक उणीव होती, ती स्त्रियांची. हॉकिन्सने जहांगिराच्या सांगण्यावरून एका आर्मेनियन ख्रिस्ती मुलीशी लग्न केले होते. तो परतीच्या प्रवासात वारल्यावर तिने गॅब्रिएल टॉवरसनशी लग्न केले व १६१७ मध्ये ती त्याच्याबरोबर परत आली. पण तो तिला येथेच सोडून विलायतेस निघून गेला. वखारीत संसारास जागा नव्हती, हे त्या बाईच्या कथेवरून दिसते. येथे गोमंतकाची तुलना उद्बोधक होईल. आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या माणसांस येथील स्त्रियांशी लग्ने करून वसण्यास उत्तेजन दिले. त्यातून 'काझादो' म्हणजे गृहस्थ वसाहतवाल्यांचा वर्ग उभा राहिला; पुढे वसईच्या बाजूस अशा घराण्यांस गावेही मिळाली. पोर्तुगालात जन्मलेला रेनोल, पोर्तुगीज आईबापांपोटी येथे जन्मलेला कास्तिसो आणि मिश्र विवाहातून झालेला मेस्तिसो, अशा तेथील पायऱ्या रक्ताने व जन्मस्थानाने ठरत. सुरतेच्या वखारीतील पायऱ्या नोकरीच्या वर्षांनी ठरत. गोव्याच्या वसाहतवाल्यास येथेच मरावयाचे होते. सुरतेच्या इंग्रजास पैसा करून परत जावयाचे होते. एकाचा उच्चनीचभाव कुळाचा, दुसऱ्याचा कचेरीचा. पुढे हिंदुस्थानावर दीर्घकाळ राज्य केले ते दुसऱ्याने, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

परंतु सुरतेत तरी हा कचेरीचा उच्चनीचभाव वखारीच्या दरवाजापाशी संपत असे. १६६९ मध्ये काजीच्या धर्मांतराच्या जुलमास कंटाळून सुमारे आठ हजार वाणी कुटुंबप्रमुख शहर सोडून भडोचेस निघून गेले. भीमजी पारेख त्यांच्या अग्रभागी होता. शहराचा व्यापार बंद पडला आणि बादशहाकडून आश्वासन आल्यावरच ते परतले. मुंबईस जाण्याचा विचार त्यांनी तत्कालीन प्रेसिडेंट जेरल्ड ऑंजियर याच्यापाशी काढला होता. पण बादशहाचा रोष ओढवेल या भीतीने तो मागे सरला. वाणी शहर बंद पाडू शकत होते. प्रेसिडेंटला तसे पाऊल टाकण्याची छाती नव्हती. पुढे कंपनीने औरंगजेबाशी युद्ध उकरून काढले, तेव्हा १६८८ मध्ये सुरतेतील हॅरिस व अॅन्स्ली हे वरिष्ठ अधिकारी कैदेत पडले. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने बादशाही 'गंज-ए-सवाई' जहाज लुटले आणि त्याचे प्रायश्चित्त भोगावयास पुन्हा अॅन्स्लीच सापडला. या वेळी तो स्वतः प्रेसिडेंट होता. बेड्या घालताना मोगल शिपायांनी कोण सीनियर मर्चंट आणि कोण उमेदवार हे फारसे पाहिले नाही. चांदीच्या ताटात जेवणारे आणि त्यांच्याखालचे त्या दिवसांत एकाच पंक्तीत बसले.

या अपमानाचा उपाय इंग्रजांस मुंबईत दिसत होता. ते बेट १६६८ मध्ये कंपनीकडे आले होते. तेथे दरवाजाच्या बाहेरही त्यांचाच कायदा चाले. पण म्हणून तेथील उच्चनीचभाव सौम्य झाला नाही. त्यास अधिकाराची धार चढली. सुरतेस बसून प्रेसिडेंट जॉन चाइल्ड याने मुंबईच्या शिपायांच्या वेतनास कात्री लावली, तेव्हा १६८३ च्या डिसेंबरात कॅप्टन रिचर्ड केग्विन याने बंड करून राजाच्या नावाने बेट ताब्यात घेतले आणि जवळजवळ वर्षभर कारभार केला. वखारवाला व्यापारी आणि लढणारा शिपाई यांच्यातील हा वर्गकलह होता. १६८४ च्या नोव्हेंबरात अभय घेऊन केग्विनने बेट परत दिले. १६८७ मध्ये कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस गेले. सुरतेची वखार मागे राहिली. पण तिच्यात घडलेली पायऱ्यांची शिडी मुंबईस, आणि तशीच मद्रासेस व कलकत्त्यास, कायम झाली. रायटर, फॅक्टर, मर्चंट ही नावे कंपनीच्या मुलकी नोकरीत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत राहिली. वस्तू विकण्याचे काम सुटून महसूल गोळा करण्याचे काम आले, तरी अंमलदाराच्या हुद्द्यास 'मर्चंट'च म्हणत.

सुरतेतही काळ फिरला. १७५९ मध्ये इंग्रजांनी येथील किल्ला घेतला आणि १८०० मध्ये शहराचा सर्व कारभार आपल्याकडे ओढला. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांचा दर्जा भाड्याच्या घराच्या दारापाशी संपत होता, त्यांचा दर्जा आता त्याच शहरातील प्रत्येक सावकाराच्या, विणकराच्या आणि हमालाच्या डोक्यावर येऊन बसला. शिडी तीच, तिच्यावर चढण्याची रीतही तीच. फरक इतकाच की पूर्वी ती घराच्या आत उभी होती, आता ती देशाच्या छातीवर रोवली गेली. वखारीतील पोकळ वाटणाऱ्या मानापानाचा इतिहासदृष्ट्या अर्थ हा आहे. राज्य मिळविण्यापूर्वी कित्येक वर्षे राज्यकर्त्यासारखे बसण्या-उठण्याचा, वरच्यास मान देऊन खालच्यास अदृश्य समजण्याचा सराव त्या मेजावर झालेला होता.

दोष केवळ इंग्रजांस देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. पालखी, छत्री आणि घुमट ही मानचिन्हे त्यांस आपल्याच समाजाने शिकविली. आणि तीन रुपयांत माणूस मिळतो ही स्थितीही त्यांनी निर्माण केलेली नव्हती. आपल्या उतरंडीत त्यांस आपली उतरंड सहज बसविता आली, ही गोष्ट आपण मुलांस सांगण्यास कचरू नये. याच सुरतेत १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी या शिक्षकाने, आणि मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांस मान देतो त्या दादोबा पांडुरंगांनी, मानवधर्मसभा स्थापून जातिभेदावर टीका केली. हे दोघेही शाळामास्तर होते, याचा आम्हां शिक्षकांस थोडासा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

त्या दिवशी कब्रस्तानातून परतताना आम्ही त्या विद्यार्थ्यास एवढेच सांगितले की, हाताखालच्यांच्या कबरी नाहीत म्हणून ती माणसे नव्हती असे समजू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत ऑक्झेंडनच्या घुमटाचे चित्र काढून आणले. त्याच्या खाली, जमिनीच्या रेघेखाली, त्याने साठ बारीक टिंबे काढली होती. आम्ही ती मोजली. बरोबर साठ होती.